वाचकांचे प्रश्न : अधिवृक्क ग्रंथी आणि ‘स्टेरॉइड’ नावाचा गोंधळ

संप्रेरकांविषयी आलेल्या पत्रांचा गठ्ठा या वेळी एकत्र वाचायला घेतला, तेव्हा बहुतेक पत्रांत ‘स्टेरॉइड’ हा शब्द सापडला, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात त्याचा अर्थ निराळा होता. कोणी तो संधिवाताच्या गोळीसाठी वापरतो, कोणी दम्याच्या पंपासाठी, तर कोणी जिममध्ये हातोहात मिळणाऱ्या इंजेक्शनसाठी. या गोंधळामुळे ज्याला औषधाची खरी गरज आहे तो भीतीपोटी ते सोडून देतो आणि ज्याला काडीचीही गरज नाही तो ते निर्धास्तपणे टोचून घेतो, हे मी माझ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा पाहतो. म्हणून निवडक पत्रे एकत्र घेऊन, मुळापासून म्हणजे ग्रंथीपासूनच सुरुवात करतो.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. मूत्रपिंडावरची छोटीशी अधिवृक्क ग्रंथी रक्तदाब सांभाळते, ताणाला तोंड देते आणि लैंगिक संप्रेरकेही बनवते, एवढे पुस्तकात एका परिच्छेदात दिले आहे. एवढ्याशा जागेत इतकी वेगवेगळी कामे कशी आली, असे मुलांनी विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.

मुलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर असे की ती खरे तर एक ग्रंथी नाहीच; एकाच वेष्टणात नांदणाऱ्या त्या दोन ग्रंथी आहेत. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर, चरबीच्या थरात रुतून बसलेली ही ग्रंथी प्रौढ माणसात अवघी चार-पाच ग्रॅम वजनाची असते. उजवी साधारण त्रिकोणी टोपीसारखी आणि डावी चंद्रकोरीसारखी. नवजात बाळात मात्र ती मूत्रपिंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश आकाराची असते, कारण गर्भावस्थेत तिचा एक खास भाग वारेच्या जोडीने संप्रेरके बनवत असतो आणि जन्मानंतर काही महिन्यांत तो विरून जातो. ग्रंथी मधोमध कापली तर बाहेरचा जाड पिवळा थर आणि आतला लालसर तपकिरी गाभा साध्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात. बाहेरचे ते बाह्यक आणि आतले ते मध्यक. बाह्यक भ्रूणाच्या मध्यस्तरापासून तयार होते, तर मध्यक चेतासंस्थेच्या ऊतीपासून. म्हणजे दोघांची कुळेच वेगळी आहेत.

बाह्यकाचा पिवळेपणा कोलेस्टेरॉलमुळे येतो, आणि तेच त्याचा कच्चा माल आहे. बाह्यकात तीन थर असतात आणि प्रत्येक थराजवळ विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, स्वतःचा संच असतो, त्यामुळे एकाच कोलेस्टेरॉलपासून तीन थरांत तीन प्रकारची संप्रेरके घडतात. सर्वांत बाहेरचा थर ॲल्डोस्टेरॉन बनवतो. ते मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला सांगते, आणि त्यातून रक्ताचे आकारमान व रक्तदाब सांभाळला जातो. मधला थर सर्वांत जाड, बाह्यकाचा सुमारे तीन चतुर्थांश. तो कॉर्टिसॉल बनवतो. उपाशीपोटीही रक्तातली साखर घसरू न देणे, दाहाला आवर घालणे आणि रक्तवाहिन्यांचा ताण टिकवणे ही कॉर्टिसॉलची कामे आहेत, आणि त्याचे प्रमाण पहाटे-सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. सर्वांत आतला थर सौम्य पुरुषी संप्रेरके बनवतो. पुरुषांच्या शरीरात वृषणांतून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनपुढे ती नगण्य ठरतात, स्त्रियांच्या शरीरात मात्र त्यांचा वाटा मोठा असतो.

मध्यक ॲड्रिनलिन बनवते, आणि वेगळ्या कुळाच्या या दोन ऊती शेजारी का राहतात याचे सुंदर उत्तर येथेच मिळते. ग्रंथीत रक्त बाहेरच्या पृष्ठभागावरून, बारीक रोहिण्यांच्या अनेक फाट्यांनी शिरते, बाह्यकातून झिरपत मध्यकात उतरते आणि शेवटी एकाच नीलेतून बाहेर पडते. नॉरॲड्रिनलिनचे ॲड्रिनलिन करणाऱ्या विकराला भरपूर कॉर्टिसॉल लागते, आणि ते ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावातून खालच्या गावात पाणी यावे तसे वरून आयतेच येत असते. हे मुलांना फळ्यावर काढून दाखवा. एकदा पाहिले की ते विसरत नाहीत.

या दोघांपैकी जगण्यासाठी अपरिहार्य कोण, हेही मुले विचारतीलच. बाह्यक. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली ही ग्रंथी नष्ट झालेल्या ११ रुग्णांचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत हे दाखवले. मध्यकावाचून माणूस जगू शकतो. मी शिकत असताना वॉर्डात एक रुग्ण आला होता, महिनोन्‌महिने थकलेला, वजन उतरलेला, आणि तळहातावरच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या. हिरड्यांवरही तसेच डाग. त्याच्या पत्नीने सांगितले की तो हल्ली नुसते मीठ चमच्याने खातो. आमच्या सरांनी तो तळहात आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, “निदान इथे लिहिलेले आहे.” कॉर्टिसॉल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, ते बनवण्याचा आदेश देणारे एसीटीएच हे संप्रेरक जोराने पाठवू लागते, आणि त्याचा अतिरेक झाला की त्वचेतल्या रंगपेशीही चेतवल्या जातात. मिठाची ओढ ॲल्डोस्टेरॉनच्या अभावाची.

पीयूषिकेचा हा आदेश लक्षात ठेवावा, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याभोवती फिरतात. पीयूषिका रक्तातले प्रमाण सतत पाहत असते. कमी वाटले तर आदेश वाढवते, पुरेसे वाटले तर थांबवते. रक्तातले संप्रेरक घरचे की बाहेरून आलेले, हे तिला कळत नाही.

प्रश्न : माझ्या आईला संधिवातासाठी आठ महिने प्रेडनिसोलोन चालू होते. स्टेरॉइडमुळे तरुण शरीरसौष्ठवपटूंची हृदये निकामी होतात असे वाचल्यावर तिने ते एके दिवशी बंद केले. आता तिला उठवत नाही, मळमळते, चक्कर येते. हे औषधाचे विष बाहेर पडते आहे का?

नाही, आणि कृपया हे उत्तर वाचून होताच तिच्या डॉक्टरांशी संपर्क साधा. उलट्या होत असतील, ताप असेल किंवा ती गुंगीत वाटत असेल तर थेट रुग्णालयात न्या आणि तेथे पहिलेच वाक्य असे सांगा की आठ महिने चालू असलेले स्टेरॉइड अचानक थांबवले आहे. हे विष बाहेर पडणे नसून कॉर्टिसॉलचा तुटवडा आहे.

प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलचे भावंड आहे. त्याचे ५ मिलिग्रॅम साधारणपणे शरीराच्या एका दिवसाच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलची जागा घेतात. आठ महिने बाहेरून पुरवठा होत राहिल्याने पीयूषिकेने आदेश पाठवणे थांबवले, आणि आदेश नाही म्हणून बाह्यकाचे आतले दोन थर वापरात नसलेल्या स्नायूसारखे बारीक झाले. आता गोळी बंद झाली, पण ते थर एका रात्रीत उभे राहू शकत नाहीत. त्यांना आठवडे, कधी कधी महिने लागतात. म्हणूनच तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतलेले हे औषध डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. येथे तळहात काळे पडत नाहीत, कारण एसीटीएच वाढलेले नसून कमी झालेले असते, आणि मिठाची ओढही लागत नाही, कारण ॲल्डोस्टेरॉनचा थर मुख्यतः मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालत असल्याने शाबूत राहतो. त्यामुळे हा तुटवडा पटकन ओळखू येत नाही आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

तुमच्या आईने ज्यांच्याविषयी वाचले ते वेगळे स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातले ॲनाबॉलिक औषध, घेत होते. कॉर्टिसॉलची भावंडे स्नायू वाढवत नाहीत. जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतली तर उलट झिजवतात, शिवाय हाडे ठिसूळ करतात, साखर वाढवतात, चेहरा गोल करतात. ते दुष्परिणाम खरे आहेत आणि मी ते झाकणार नाही. पण याच औषधाने काय केले आहे हेही तिला सांगा. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच आणखी एका भावंडाची, इंजेक्शने सुरू केली, आणि जिला अंथरुणावर कूस बदलणेही कठीण होते ती काही दिवसांतच चालू लागली. त्या कामासाठी हेंच, केंडल आणि राइकश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोस किती कमी करायचा, कधी थांबवायचा हे ठरवता येते. मात्र ते आईने एकटीने ठरवू नये. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाने तसे लिहिलेले कार्ड जवळ बाळगावे, कारण तापात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवते आणि अशा रुग्णाला तो वाढीव पुरवठा बाहेरून द्यावा लागतो.

प्रश्न : सतत थकवा असल्याने मला ‘ॲड्रिनल फटीग’ आहे असे सांगून ग्रंथीला बळ देणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत. घ्याव्यात का?

घेऊ नयेत. ताणाने अधिवृक्क ग्रंथी दमून जाते असा आजार अंतःस्रावशास्त्राला मान्य नाही, आणि अशा नावाने विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत थायरॉइडची व स्टेरॉइडची संप्रेरके न सांगता मिसळलेली आढळली आहेत. तुमचा थकवा मात्र खरा आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप आणि मनःस्थिती यांची नीट तपासणी करून घ्या. ग्रंथीचीच शंका असेल तर सकाळचे कॉर्टिसॉल ही साधी रक्ततपासणी आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे. तीन वर्षे मनापासून व्यायाम करतो, पण अंग भरत नाही. प्रशिक्षक म्हणतात, एक ‘सायकल’ मारली की फरक दिसेल, आणि ती संपल्यावर शरीर आपोआप पूर्ववत होते. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात का?

तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून मीही सरळ सांगतो. सायकल म्हणजे काही आठवडे ॲनाबॉलिक स्टेरॉइड घेण्याची फेरी, आणि ही औषधे स्नायू वाढवतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात ४३ पुरुषांना चार गटांत विभागून दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा नुसते निष्क्रिय द्रावण दिले होते. व्यायाम आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही मिळालेल्यांचे चरबीविरहित वजन सुमारे ६ किलोंनी वाढले, नुसता व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोंनी, आणि व्यायाम न करता फक्त औषध घेणाऱ्यांचेही ३ किलोंच्या आसपास. ‘यांनी काही होत नाही’ असे डॉक्टरांनी अनेक वर्षे सांगितले, ते चूक होते, आणि त्या चुकीमुळे तरुणांचा आमच्या पुढच्या इशाऱ्यांवरचाही विश्वास उडाला, असे मला वाटते. त्यामुळे पुढचे कृपया त्याच गांभीर्याने वाचा.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्यात फेरफार करून बनवलेली रसायने. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते, म्हणजे आठवड्याला ५० च्या आत. सायकलमध्ये त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त टोचले जाते. पीयूषिका रक्त पाहते, तेथे पूर आलेला दिसतो, आणि ती वृषणांना जाणारे दोन्ही आदेश, एलएच आणि एफएसएच, बंद करते. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण प्रशिक्षक ती सांगत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावे लागते. तुम्ही सुईने रक्तातले प्रमाण वाढवता, पण त्यामुळे वृषणातले स्वतःचे उत्पादन थांबते आणि आतले प्रमाण कोसळते. म्हणून दंड पिळदार होत असताना वृषणे आक्रसत जातात आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. हेच गणित वर संधिवाताच्या पत्रातल्या आईच्या प्रेडनिसोलोनबाबत सांगितले; फक्त तेथे बारीक झाली ती अधिवृक्क ग्रंथी होती.

जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते, त्यातून छातीवर स्तनांसारखी गाठ वाढते आणि ती पक्की झाली की शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. पाठीवर व खांद्यांवर मुरुमे येतात, अनुवांशिक कल असेल तर टक्कल लवकर पडते. हे निदान आरशात तरी दिसते. मला अधिक काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची : हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल झपाट्याने घटते, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, रक्तदाब चढतो, हृदयाच्या भिंती जाड होतात आणि त्यांची सैल होण्याची क्षमता कमी होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साठतात. तोंडाने घेण्याच्या गोळ्या यकृतातून तगून जाव्यात म्हणून त्यांच्या रेणूत जो बदल केलेला असतो तोच यकृताला बाधतो. पित्त तुंबून कावीळ होते, रक्ताने भरलेल्या पोकळ्या किंवा गाठी तयार होतात.

गेल्या वर्षी तुमच्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने खिशातून तेलकट पिवळसर द्रवाची बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबलावर औषधाच्या नावाची दोन ठिकाणी दोन वेगवेगळी अक्षररचना होती आणि बॅच क्रमांक चक्क पेनाने लिहिलेला. ‘हे चांगल्या कंपनीचे आहे’, असे तो म्हणत होता. चोरट्या बाजारातल्या बाटलीत लिहिलेलेच औषध आहे, तेवढेच आहे आणि ते निर्जंतुक आहे, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. त्यात सुई किंवा बाटली दोघांनी वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांना दार उघडते.

राहिला प्रशिक्षकांचा शेवटचा दावा, शरीर आपोआप पूर्ववत होते हा. त्याचे उत्तर सर्वांत शेवटच्या पत्रात आले आहे, तेही वाचा. तीन वर्षांत अंग भरले नाही यामागे बहुतेक वेळा पुरेसा आहार, पुरेशी झोप आणि हळूहळू वाढवत नेलेले वजन यांपैकी काहीतरी कमी पडत असते. ते तपासून झाल्यावरही शंका राहिली तर सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. खरोखर कमी असेल तर त्यावर रीतसर उपचार आहेत.

प्रश्न : स्त्रियांसाठी ‘सौम्य’ ॲनाबॉलिक गोळ्या मिळतात असे मला सांगण्यात आले. थोडी घेऊन आवाज बदलू लागला तर थांबवता येईल ना?

थांबवता येईल, पण बदललेला आवाज परत येईलच असे नाही, आणि हाच या गोळ्यांमधला सर्वांत क्रूर भाग आहे. स्नायू औषध सुटल्यावर ओसरतात. स्वरतंतू एकदा जाड झाले की तसेच राहतात. चेहऱ्यावरचे केस आणि शिश्निकेची वाढ यांचेही बहुधा तसेच. पाळी अनियमित होते किंवा थांबते, ती मात्र सहसा परत येते. सौम्य या शब्दावर विसंबू नका. पूर्व जर्मनीत १९७० आणि ८० च्या दशकांत अनेक अल्पवयीन खेळाडू मुलींना ओरल-ट्युरिनाबॉल नावाच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून सरकारी योजनेतून दिल्या गेल्या. त्यांच्यापैकी कित्येकींनी पुढे प्रौढ वयात घोगरा आवाज, स्त्रीरोगविषयक तक्रारी आणि यकृताचे विकार यांच्याविषयी न्यायालयांत साक्षी दिल्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तुम्हाला निवड करता येते आहे.

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा उंची आणि ताकद दोन्हींसाठी अशी गोळी मागतो आहे.

उंचीच्या बाबतीत ती नेमके उलटे करते. हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे कूर्चापट्टे इस्ट्रोजेनच्या प्रभावाने बंद होतात, आणि टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन तयार होते हे वर आलेच आहे. सुरुवातीला तो भराभर वाढल्यासारखा वाटेल, मग पट्टे वेळेआधी मिटतील आणि उंची कायमची तेथेच अडेल. त्याला रागावू नका, हे कारण समजावून सांगा. या वयाच्या मुलांना कारण कळले तर ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : दीड वर्ष इंजेक्शने घेतली. चार महिन्यांपूर्वी सर्व बंद केले. तेव्हापासून कामेच्छा नाही, उठावेसे वाटत नाही, स्नायू उतरत आहेत, रडू येते. मित्र म्हणतात, पुन्हा सुरू कर, लगेच बरे वाटेल. वयाच्या ३१ व्या वर्षी सगळे संपले आहे का?

संपलेले नाही. तुमची वृषणे दीड वर्ष आदेशाविना होती आणि पीयूषिका अजून पुरती जागी झालेली नाही. मधल्या या काळात शरीरात टेस्टोस्टेरॉन फारच कमी असते, आणि तुम्ही लिहिलेले प्रत्येक लक्षण त्यातून येऊ शकते. बहुतेकांत हे उत्पादन पुन्हा सुरू होते. काहींना काही महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक, आणि शुक्राणू सर्वांत शेवटी परततात. दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात घेतलेल्या काही जणांत ते पूर्ण परत येत नाही, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. मित्र म्हणतात ते एका अर्थी खरे आहे : पुन्हा टोचले तर आठवड्याभरात बरे वाटेल. पण पीयूषिका पुन्हा निजेल आणि चार महिने सोसलेले वाया जाईल. बहुतेक जण याच टप्प्यावर परत फिरतात, कमकुवतपणामुळे नव्हे, तर ही उदासी किती दिवसांची आहे हे कोणी सांगितलेले नसते म्हणून.

सकाळी, उपाशीपोटी, टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच तपासा. सोबत रक्तगणना, यकृताच्या तपासण्या, चरबीचे प्रमाण आणि वीर्यतपासणी. हृदयाची सोनोग्राफीही एकदा करून घ्या. आदेश पुन्हा चालू व्हायला मदत करणारी औषधे आहेत, पण ती कोणाला द्यायची आणि कोणाला नुसते थांबून पाहायचे हे अंतःस्रावतज्ज्ञ आकडे पाहून ठरवतात. मित्रांकडून मिळालेल्या गोळ्यांनी ते आकडे बिघडतात. रडू येणे, काहीच नकोसे वाटणे याला मनोविकारतज्ज्ञांचे उपचार लागू पडतात आणि ते आतापासूनच सुरू करता येतात. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर तपासण्यांची वाट न पाहता आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की काय घेतले ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे का. हो. न सांगता गेलात तर कमी टेस्टोस्टेरॉन आणि कमी एलएच पाहून ते पीयूषिकेतली गाठ शोधत बसतील. नावे, प्रमाण आणि तारखा आठवतील तेवढ्या कागदावर लिहून न्या, आणि घरात एखादी बाटली उरली असेल तर फेकण्याआधी त्यांना दाखवा.